हिऱ्याच्या आधीची मात्रा

पुण्याची पळणारी माणसं हल्ली माझ्या जडीबुटीच्या दुकानात येतात. रविवारी सकाळी भीमाशंकरच्या रस्त्याला पंधरा-वीस किलोमीटर पळतात, घोडेगावात येऊन मिसळ खातात, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून माझ्याकडे वळतात. पायात भडक रंगाचे बूट, मनगटावर घड्याळ, आणि चाल अशी की पायरी चढताना कळतं, याच्या मांड्या भरून आल्यात. अश्वगंधा आहे का, शतावरी आहे का, पळून आल्यावर अंग लवकर मोकळं व्हायला काय घ्यावं, असं विचारतात. मी मूळ दाखवते. त्यांना पूड हवी असते. पूड मी विकत नाही. मूळ डोळ्यांना दिसतं, मोडून बघता येतं, वास घेता येतो. पूड ज्याने कुटली त्याच्या इमानावर असते. यावर काहीजण वाद घालतात, आणि वाद घालायला मला आवडतं. एका कंपनीच्या माणसाला मी त्याच्या नमुन्याच्या पुड्यांसकट बाहेर काढलं होतं. तो परत आला आणि मी सांगितलेल्या दराने मुळं घेऊन गेला. परवा एका मुलीने मात्र सरळ विचारलं, काकू, याने खरंच फरक पडतो का हो? मी म्हटलं, पडतो. पुढे सांगायचं होतं ते दुकानात उभ्या-उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहिते.

मी शिनोलीची. आमच्याकडे पाऊस फार, जमीन उताराची, आणि शाळा दीड कोसावर. मी शाळेत पळतच जायची आणि पळतच यायची, कारण घरचं आवरून निघायला रोजच उशीर. त्यातून तालुक्याच्या स्पर्धांत नंबर यायला लागले. बारावी झाली तेव्हा वडिलांच्या दृष्टीने माझं सगळंच झालं होतं. वैशाखात उरकून टाकू, म्हणाले. स्थळंही बघायला लागले. तेव्हा बेल्ह्याचे बबनमामा आले. आईचे धाकटे भाऊ. ओसरीवर मांडी घालून बसले आणि वडिलांना म्हणाले, "दाजी, एक वरीस पोरगी माझ्याकडं द्या. पोलिसात न्हाई घातली तर नाव सांगणार न्हाई." वडील हसले. मामा हसले नाहीत. बायकांची पोलिसभरती तेव्हा निघायला लागली होती, आमच्या भागातली एक मुलगी लागलीही होती, आणि तिला बघायला लोक बाजारात थांबायचे. वडिलांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि शेवटी एवढंच ठरलं की एक वर्ष. भरती झाली तर झाली. नाही झाली तर पुढच्या वैशाखात ते दाखवतील त्या मुलाच्या गळ्यात मी मुकाट्याने माळ घालायची. मी हो म्हटलं. त्या दिवशी मामा मला देवासारखे वाटले, हे लिहिताना आजही हात जड होतो, पण खरं आहे ते लिहिलं पाहिजे.

मामांचं घर बेल्ह्याच्या अलीकडे मळ्यात. तिकडचा मुलूख आमच्यासारखा नाही. उघडा, सपाट, पाऊस बेताचा, आणि रस्ते सरळ. पहाटे उठलं की आधी घुंगरांचा आवाज यायचा. मामा बैलगाड्याच्या शर्यतीचे शौकीन. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना सांगते, घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, चार बैलांचा गाडा सोडतात, पुढे घोडी पळते, आणि सगळा खेळ काही सेकंदांचा असतो. त्या सेकंदांसाठी माणूस वर्षभर राबतो. मामांच्या गोठ्यात पुढचा बैल होता हिऱ्या. पांढराशुभ्र, कानाच्या टोकाला काळा ठिपका. शेजाऱ्यांना वाटेल ते बोलणारे मामा हिऱ्याशी बोलताना आवाज खाली घ्यायचे. मामांना मूलबाळ नव्हतं. मामी म्हणायच्या, मला सवत आणली असती तरी चाललं असतं, तिनं निदान माझ्या हातचं नावाजून खाल्लं असतं.

मामींच्या हाताला चव होती हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि ते खरं होतं. बाजरीची भाकरी, उडदाचं घुटं, थंडीत हुलग्याची शेंगोळी, आणि पाव्हणे आले की मासवडी. मासवडीचं सारण भाजताना तीळ-खोबऱ्याचा वास अंगणापर्यंत यायचा आणि गोठ्यातली जनावरंसुद्धा माना वर करायची. माझ्यासाठी रोज सकाळी चरवीभर दूध आणि संध्याकाळी दोन अंडी. आमच्या घरी अंडं म्हणजे आजाऱ्याचं खाणं. इथे मला मोजून नाही, वाढून मिळत होतं. मी तिथे वर्षात चार बोटं उंच झाले असेन असं वाटतं, पण ते बहुतेक ताठ चालायला लागले म्हणून.

पळण्याचं सगळं मामांनी हातात घेतलं. मी पुढे, मागे मामा एम-एटी मोपेडवर, गळ्यात शर्यतीचं स्टॉपवॉच. भरतीला बायकांना तीन किलोमीटर होतं. मामा मला पाच पळवायचे, आठवड्यातून दोनदा लांबच्या डोंगराला नेऊन चढाला लावायचे. चढाच्या दुसऱ्या दिवशी मला जात्यावरून उठता यायचं नाही. मग मामांची पद्धत सुरू व्हायची. घाटातून आलेल्या बैलाला जसं बसू देत नाहीत, तसं मला बसू द्यायचे नाहीत. अंगणात फेऱ्या मारायला लावायचे. मग मामी कोमट तेलात हळद घालून पोटऱ्या चोळायच्या. मग गुळात आणि तुपात वळलेला एक गोळा. त्याला घरात मात्रा म्हणायचे. औषध द्यायचे तात्या म्हणून एक म्हातारे गृहस्थ, बाजाराच्या दिवशी सायकलवर पिशव्या अडकवून यायचे. गाडामालकांत त्यांना मोठा मान. बैल पळून आला की तिसऱ्या दिवशी पुन्हा पळाला पाहिजे, यासाठी कुणाला काय द्यायचं ते तात्यांना माहीत. अश्वगंधा, शतावरी, डिंक, मुसळी, असल्या वस्तू त्यांच्या पिशवीत असायच्या. मामी कुटायच्या, मामा वळायचे. अर्धं हिऱ्याला, बोराएवढं मला.

आणि फरक पडायचा. ते मी नाकारणार नाही. पहिल्या महिन्यात चढाचं पळणं झालं की तीन दिवस माझी चाल बाळंतिणीसारखी. दिवाळीनंतर दुसऱ्याच दिवशी पाय हलके. आज या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं, त्यातलं निम्मं काम दुधाचं, अंड्यांचं, तेलाचं आणि दुपारी मला झोपू देणाऱ्या मामींचं होतं. पण तेव्हा मी सगळं श्रेय मात्रेला दिलं, आणि मात्रा देणाऱ्याला.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मामांचं विचारणं. सकाळी तोंड धुऊन झालं की ते मला ओट्यावर समोर बसवायचे. रात्री झोप कशी लागली? मधी जाग आली का? पोटऱ्या कितव्या फेरीला धरल्या? घाम आधी कपाळाला सुटला का पाठीला? भूक कशी आहे? माझी खालची पापणी ओढून बघायचे, जीभ बघायचे. इतक्या बारकाईने मला कुणी कधी विचारलं नव्हतं. वडिलांचं विचारणं म्हणजे शेण काढलं का, पाणी भरलं का. आईला विचारायला सवड नव्हती. मी एकोणीस वर्षांची मुलगी, माझ्या झोपेचं आणि घामाचं कुणालातरी महत्त्व आहे, या एका गोष्टीवर मी त्या रस्त्यावर मरेपर्यंत पळाले असते. उत्तरं द्यायला म्हणून मी स्वतःकडे लक्ष द्यायला शिकले. पळताना मनात नोंद करायची, हे मामांना सांगायचं. अमुक वळणावर श्वास बदलला, अमुक ठिकाणी डाव्या मांडीत चमक आली.

फाल्गुनात भरतीचं पत्र आलं. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, पुण्याला. मामांनी ते पत्र देवापुढे ठेवलं, मामींनी पुरण घातलं. माझी वेळ तोपर्यंत चांगली बसायला लागली होती; मामांच्या घड्याळाप्रमाणे मी निवडीच्या आत होते आणि वर थोडी सोयही होती. मामा म्हणाले, आता काही नवं करायचं नाही, फक्त टिकवायचं. हे त्यांचेच शब्द.

ग्राउंडला चार दिवस राहिले असताना तात्या आले. बाजाराचा दिवस नव्हता, तरी आले. मामांशी गोठ्यात बराच वेळ बोलले. संध्याकाळी मामांनी मला जो गोळा दिला तो नेहमीसारखा नव्हता. काळसर, आणि गुळातूनही इतका कडू की कान गरम झाले. मी तोंड वाकडं केलं. मामा म्हणाले, घे, यानं दुसऱ्या दिवशी पाय नवे होत्यात. मी घेतला. मला कधी शंका आली नाही, कारण शंका घ्यायला माणूस परका लागतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भांडं वाजलं तरी अंग दचकायचं. पोटऱ्यांत आपोआप काहीतरी उडत होतं, माशाची शेपटी हलावी तसं. सकाळी मामांनी नेहमीसारखं समोर बसवलं आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त विचारलं. कधी सुरू झालं? आधी हात का पाय? तोंड कडक झालं का? पाणी प्यायल्यावर बरं वाटलं का? मी एकन् एक सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळा निम्मा केला. पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. मी मामींना म्हटलं, बघा, माझ्या अंगाला बेतून देतात. मामी पाटा धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आज मला माहीत आहे की त्यात काजऱ्याची, म्हणजे कुचल्याची, बी होती. आमच्या डोंगरात होते. जाणता वैद्य ती शुद्ध करून, फार जपून वापरतो. नेणत्याच्या हातात ती विष असते. माझ्या दुकानात मी सगळं ठेवते, काजरा ठेवत नाही.

ग्राउंडवर मी तीन रात्री न झोपलेली उभी होते. मामा कुंपणापलीकडे घड्याळ घेऊन. पहिला किलोमीटर मला वाटलं मी उडतेय. दुसऱ्यालाही पुढच्या चार-पाचजणींत होते. तिसऱ्याला डाव्या पोटरीत गोळा आला, मग उजव्या. गोळे मला माहीत होते, पण हे तसे नव्हते. पाय माझं ऐकायचेच बंद झाले. मी लंगडत पुरं केलं. बाकीच्या मुली बसून पाणी पीत होत्या तेव्हा मी येत होते. गुण लागले तेव्हा माझा नंबर यादीच्या खाली होता. मी तिथल्या कारकुनाशी भांडले, घड्याळ चुकीचं आहे म्हणाले, मैदानात खड्डे आहेत म्हणाले, शेवटी एका शिपाईबाईने दंडाला धरून बाहेर आणलं. सगळ्या जगाला शिव्या दिल्या मी, मामा सोडून. मामांनी मला उसाचा रस पाजला, गाडीत खिडकीशी बसवलं, नारायणगाव येईपर्यंत डोक्यावर हात ठेवून होते. म्हणाले, नशीब. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या रडण्याची मला आजही लाज वाटते, हरण्याची नाही.

वडिलांना निरोप गेला. वडिलांकडूनही निरोप आला, की मुलगा बघून ठेवलाय, घोडेगावचा, किराणा दुकान आहे. मी मामांना म्हटलं, अजून एक वर्ष मागा ना. मामा म्हणाले, शब्द दिलाय दाजींना, कोणत्या तोंडानं मागू? मला ते पटलं.

आठ-दहा दिवसांनी गावची जत्रा आली. मला परत न्यायला आई-वडील जत्रा झाल्यावर येणार होते. हिऱ्या त्या दिवशी असा पळाला की म्हातारी माणसं अजून सांगतात. मामांचा गाडा पहिल्या नंबरात बसला. दुपारी घरी हलगी, गुलाल, आणि ओसरीभर पाव्हणे. मामींची मासवडी संपून पुन्हा केली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले तेव्हा आळेफाट्याकडचे एक गाडामालक मामांना विचारत होते की तात्याचं ते कडू औषध तुम्ही दिलं म्हणतात, आमच्या एका बैलाला त्याने लकवाच आला होता, तुम्हाला भीती नाही वाटली? मामांच्या कपाळाला गुलाल होता. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "भ्या कसलं, राव? आधी तीन दिस भाचीला दिलं. कवा चढतं, किती मानवतं, समदं तिनं तोंडानं सांगितलं. मंग त्या मापानं हिऱ्याला बसवलं."

ओसरीवर कौतुकाचा हशा झाला. एकजण म्हणाला, बबनराव, डोकं हाय तुमचं. दुसरा म्हणाला, आमची भाची पळती न्हाई, न्हायतर आमीबी. कुणाच्याही चेहऱ्यावर आपण काही वाईट ऐकलं असं नव्हतं. मामांच्याही नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी लपवलं नव्हतं. लपवण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटत नव्हतं.

मी ट्रे खाली ठेवला. माझा राग तेव्हाही असाच होता, आधी कानात घुमतो आणि मग तोंडातून येतो. मी म्हटलं, "मामा, ते औषध माझ्यासाठी नव्हतं?"

ते म्हणाले, "तुझ्यासाठीबी व्हतं की. पन तू मानूस हायेस, मंगल. तुला इचारलं की सांगतीस. त्यो मुका जीव काय सांगणार?"

"मग माझ्या ग्राउंडच्या तोंडावरच का?"

मामांनी खरोखर विचार केला. डोळे बारीक करून, दिवस मोजल्यासारखे. मग म्हणाले, "जत्रा आली व्हती ना. बैलाला आठ दिस आधी चालू करावं लागतं. त्येच्या आधी बघाया नको? तुझं ग्राउंड मधी आलं."

मी आतापर्यंत बऱ्याच लोकांकडून फसले आहे. धंद्यात फसल्याशिवाय शहाणपण येत नाही. खोटं वजन, भिजवलेला हिरडा, शतावरीत मिसळलेली भलतीच मुळं, सगळं पाहिलं. पण फसवणाऱ्याच्या डोळ्यांत कुठेतरी दिसतं, की याला माहीत आहे. मामांच्या डोळ्यांत ते नव्हतं. मला दिसलं की ओट्यावर बसवून रोज सकाळी विचारलेलं ते सगळं, निदान शेवटचे तीन दिवस, माझ्यासाठी नव्हतंच. आणि मग मी मागे जायला लागले. दिवाळीत विचारलेलं कुणासाठी होतं? थंडीत? पहिला गोळा आधी मला का दिला होता, हिऱ्याला संध्याकाळी आणि मला सकाळी का? असं मागे जाता जाता वर्षातला एकही दिवस मला स्वतःचा म्हणून सापडेना.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात मी माझ्या आयुष्यातला पहिला सौदा केला. मामा हिऱ्याच्या पायाला शेक देत होते. मी म्हटलं, माझं एकच मागणं आहे. माझ्या वडिलांना सांगा की पोरगी हरली नाही, माझ्या औषधानं पडली, आणि अजून एक वर्ष द्या. मामा आधी समजूत घालत होते. मग द्यायला लागले. लग्नाचा सगळा बस्ता त्यांच्याकडून. मग पैठणी. मग गळ्यातलं. मी प्रत्येक वेळी मान हलवली. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण हेच पुढे माझं कौशल्य ठरलं. समोरचा ज्या वेगाने वर चढतो त्यावरून कळतं की आपण मागतो ती वस्तू त्याला किती जड आहे. शेवटी मामा शेकाचं फडकं टाकून उभे राहिले. म्हणाले, "दाजींच्या म्होरं मान खाली घालू? सख्ख्या भाचीला बैलाचं औषध चारलं म्हनून? तोंड दाखवाया जागा राहील का मला?"

मी म्हटलं, "काल ओसरीभर माणसांना सांगितलंत."

"ती गाड्याची मानसं. त्येंना कळतं."

म्हणजे त्यांना कळत होतं. कुणापुढे सांगायचं आणि कुणापुढे नाही, एवढं कळत होतं.

मी वडिलांना स्वतः सांगितलं नाही असं नाही. ते न्यायला आले त्याच दिवशी सांगितलं. वडील म्हणाले, ज्यानं वर्षभर पोटच्या पोरीसारखं सांभाळलं त्याच्यावर आळ घेतीस? आई रडली, की भावाबहिणीत कशाला लावतेस. मामी चुलीपाशी होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, भाकरी जळंल, आणि वळल्या. मामींना मी नंतर माफ केलं. ज्यांना त्या घरात जन्म काढायचा होता त्यांच्याकडून मी काय मागणार? पण मामांचा शब्द मला हवा होता. एका वाक्याचा सवाल होता आणि ते वाक्य फक्त त्यांच्यापाशी होतं.

वैशाखात लग्न शिनोलीच्या शाळेच्या पटांगणात. बाराच्या पुढचा मुहूर्त. मला शाळेच्या एका वर्गात बसवलं होतं, फळ्याखाली, मुंडावळ्या बांधून. बाहेर अक्षता वाटून झाल्या आणि लाउडस्पीकरवर भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामाच आणतो. मामा आले. नवा फेटा, खांद्यावर उपरणं. बायका बाजूला झाल्या. मामांनी हात पुढे केला.

मी उठले नाही. म्हटलं, आत्ता वडिलांना सांगा. मग उठते.

मामांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग कळलं, की नाही. ते खाली वाकले आणि पुटपुटले की मुहूर्त टळेल, हजार माणूस उन्हात उभं आहे. मी म्हटलं, म्हणून तर आत्ता. लग्न मोडायचं नव्हतं मला. तो मुलगा कसा आहे मला माहीतही नव्हतं, आणि त्याचा काही दोषही नव्हता. एक वर्ष तर गेलंच होतं. मला फक्त वडिलांनी ऐकायला हवं होतं, की मी माझ्या पायांनी हरले नाही. लाउडस्पीकर पुन्हा ओरडला. वडील धावत दारात आले, घामाने भिजलेले, आणि विचारलं, काय झालं, का थांबलाय?

मी मामांकडे बघितलं. त्या वाक्याच्या एवढं जवळ मी त्यांना कधी आणलं नव्हतं. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग ते म्हणाले, "काय न्हाई, दाजी. पोरीच्या पायाला मुंग्या आल्यात. आणतो."

मी उभी राहिले. मामांचा हात तसाच पुढे होता, तो मी धरला नाही. दारातून बाहेर पडले आणि चालायला लागले. शालू जड होता, ऊन डोळ्यांवर होतं, दोन्ही बाजूंना माणसं अक्षता घेऊन उभी होती. मी पळाले नाही. पण वर्षभर डोंगराच्या चढाला पळालेल्या पायांना हळू चालता येत नव्हतं, आणि मला हळू चालायचंही नव्हतं. मागून मामांच्या नव्या वहाणांचा करकर आवाज आधी जवळ होता, मग लांब गेला, मग फेटा सावरत ते धापा टाकत येतायत ते मला कळत होतं. मी अंतरपाटापाशी पोहोचले तेव्हा ते अर्ध्या मांडवात होते. भटजी माझ्याकडे आणि माझ्या मागच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, नवरीला लईच घाई झालीया बया, आणि सगळा मांडव हसला.